बॉटला हरवतो, माणसाकडून हरतो: माझी खरी पातळी कोणती?

अडीचघर (धागाकर्ता)

मंडळी, लॉकडाऊनमध्ये विदित गुजराथी आणि समय रैना यांचे यूट्यूबवरचे कार्यक्रम बघून ज्यांना बुद्धिबळाचं वेड पुन्हा लागलं, त्यांतला मी एक. शाळेत बरा खेळायचो, नोकरी लागल्यावर पट माळ्यावर गेला. आता रोज रात्री जेवणं आटोपली की फोनवर डाव असतो.

अडचण अशी आहे. चेस डॉट कॉमवर ज्या बॉटच्या नावापुढे १६०० लिहिलंय त्याला मी बऱ्यापैकी सातत्याने हरवतो. आणि माणसांबरोबर दहा मिनिटांचे डाव खेळायला गेलो की अकराशेच्या आसपास गटांगळ्या खातो. मग मी नेमका कोण? सोळाशेवाला की अकराशेवाला?

माझं प्रामाणिक मत विचाराल तर मला संगणकच बरा वाटतो. तो रात्री दोनलाही तयार असतो. चिडत नाही, टोमणे मारत नाही, हरायला आला की घड्याळ संपेपर्यंत नुसता बसून राहत नाही. माणूस समोर आला की छाती धडधडते, एक डाव हरलं की तो रेटिंगचा आकडा डोळ्यांसमोर नाचतो. बायको म्हणते, पैसे लावलेत का कुणी? नाही लावले. तरी होतं.

तुम्ही काय करता? नुसतं संगणकाशी खेळून खेळ सुधारतो का?

वजीरबळी

पहिला! माझीही तीच गत. वाचतोय.

कोडेकर

अडीचघर, आधी ते दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवणं सोडा. माणसांचं रेटिंग म्हणजे त्या त्या साइटवर लोकांनी एकमेकांविरुद्ध कमावलेल्या निकालांवरून काढलेला अंदाज. लिचेसवर, म्हणजे दुसऱ्या एका साइटवर, नवा माणूस १५०० पासून सुरू होतो आणि आकड्यापुढचं प्रश्नचिन्ह जाईपर्यंत तो वरखाली उड्या मारतो. बॉटचा आकडा मात्र साइटवाल्यांनी लावलेली पाटी आहे. २०२३ च्या जानेवारीत चेस डॉट कॉमने मिटन्स नावाची मांजर आणली होती, आठवते? पाटीवर रेटिंग १, आणि खेळताना भल्याभल्यांना चावायची.

आता मूळ मुद्दा. स्टॉकफिशसारखं इंजिन, म्हणजे बुद्धिबळाच्या चाली शोधणारा प्रोग्राम, पूर्ण ताकदीने खेळला तर जगज्जेत्यालाही डोकं वर काढू देत नाही. त्याला तुमच्याआमच्या पातळीवर आणायचं तर त्याचे हातपाय बांधावे लागतात. एक म्हणजे त्याने किती चाली पुढचं बघायचं यावर बंधन घालतात. दुसरं, उत्तम चाल माहीत असूनही अधूनमधून यादीतली खालची चाल निवडायला लावतात, आणि ती कधी निवडायची हे बरंचसं नशिबावर सोडलेलं असतं. म्हणून दहाबारा चाली ग्रँडमास्टरसारख्या खेळून तेराव्या चालीला तो घोडा सरळ प्याद्याच्या तोंडी देतो.

माणूस असा चुकत नाही. त्याच्या चुकीमागे काहीतरी कारण असतं. तुमच्या राजावर धावून जायच्या नादात तो स्वतःची शेवटची ओळ उघडी टाकतो. घोड्याची मागे येणारी चाल त्याला दिसत नाही. कोपऱ्यात बसलेल्या उंटाची लांब तिरकी रेघ तो विसरतो. घड्याळात आठ सेकंद उरली की हाताला येईल ती सोंगटी ढकलतो.

तुम्ही बॉटला हरवता कारण तुम्ही धीर धरायला शिकलात. कधीतरी तो फुकट देणार हे तुम्हाला ठाऊक असतं. अकराशेचा माणूस इतकं फुकट देत नाही. त्याच्यापुढे अडचणी उभ्या कराव्या लागतात, म्हणजे मग तो चुकतो. अडचणी उभ्या करायची सवय बॉटशी खेळून लागत नाही.

आणि एक. बॉट बहुधा चुटकीसरशी उत्तर देतो, मग आपणही त्याच्या वेगाने खेळायला लागतो. चाल परत घ्यायचं आणि सूचना मागायचं बटण हाताशी असेल तर ते आधी बंद करा.

सांगलीवाले

कोडेकर यांनी फार छान उलगडून सांगितलं. माझा विरोध त्याहून जुना आणि सोपा आहे. मी म्हणतो, यंत्राशी खेळणं हा सराव झाला, डाव नव्हे.

आम्ही सांगलीचे. भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या उन्हाळी स्पर्धा बघत मोठे झालो. सुट्टीत गावोगावची पोरं यायची. भाग्यश्री साठे, म्हणजे आताच्या भाग्यश्री ठिपसे, इथल्याच. तिथे एक गोष्ट कळली की पटाइतकंच पटापलीकडे बघावं लागतं. समोरचा पाणी कधी पितो, कुठल्या बाजूला नजर टाकायचं टाळतो, चाल केल्यावर हात किती वेळ सोंगटीजवळ रेंगाळतो. यातलं मोबाइलमध्ये काय आहे?

वजीरबळी

काका, ऑनलाइन माणूस असला तरी त्याचं तोंड कुठे दिसतं? मग तोही यंत्रच झाला की.

सांगलीवाले

तोंड दिसत नाही, पण घड्याळ दिसतं ना. पहिल्या दहा चाली धडाधड खेळणारा अकराव्या चालीला दोन मिनिटं बसला की समजायचं, पाठांतर संपलं. तिथेच डाव जरा वाकड्या वाटेने न्यायचा. सोपी मारामारी करायला तो खूप वेळ लावत असेल तर त्याला काहीतरी खुपतंय, आपण काय पाहिलं नाही ते शोधायचं. नातवाच्या फोनवर मीही खेळतो, अगदीच अडाणी समजू नका.

पटावरचाबळी

मुद्दा मनाचाच आहे. कास्पारोव्ह १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाकडून हरला तो घाबरूनच. सहाव्या डावात एकोणीस चालींत राजीनामा दिला. जगज्जेत्याने!

कोडेकर

थोडी दुरुस्ती. सहावा डाव हा शेवटचा घाव. जखम झाली ती दुसऱ्या डावात. न्यूयॉर्कमधल्या त्या सामन्याचा पहिला डाव कास्पारोव्ह जिंकला होता. त्याआधी १९९६ मध्ये फिलाडेल्फियाला पहिला डाव हरूनही त्याने सामना ४–२ ने मारला होता. म्हणजे सुरुवातीला भीती वगैरे काही नव्हती. दुसऱ्या डावात यंत्राने हाव न धरता शांतपणे उंटाची एक चाल केली. कास्पारोव्हला ती इतकी माणसासारखी वाटली की आतून कुणीतरी मदत केली असावी असा त्याला संशय आला. पुढे त्याने राजीनामा दिला, आणि नंतरच्या विश्लेषणात त्या स्थितीत सततच्या शहाने बरोबरीची वाट निघाली. त्याने ती शोधलीच नाही. यंत्राने सगळं बघूनच चाल केली असणार, असं धरून चालला. पुढचे तीन डाव बरोबरीत गेले, सहाव्यात कोसळला, सामना ३.५–२.५ ने गेला.

मला यात आपल्यासारख्यांना लागू पडणारं काहीतरी दिसतं. अडीचघर माणसासमोर घाबरतात, कास्पारोव्ह यंत्रासमोर घाबरला. ज्याच्याबद्दल आपण डोक्यात जास्त गोष्टी रचतो, त्याच्यासमोर आपण वाईट खेळतो.

पटावरचाबळी

दुरुस्तीबद्दल आभार. दुसरा डाव शोधून बघतो.

काळीराणी

माझा अनुभव वेगळा आहे, म्हणून लिहिते. मी आधी खऱ्या नावाने खातं काढलं होतं. जिंकले की चॅटमध्ये घाण, हरले की 'स्वयंपाकघरात जा'. काही काळ मीही फक्त बॉटशी खेळले, आणि ते रेटिंगच्या भीतीने नव्हे. पुरुष मंडळी 'माणसांशीच खेळा' असा सल्ला देतात तेव्हा हे त्यांच्या गावीही नसतं.

उपाय काढला तो साधा. नाव असं घेतलं की बाई की बुवा कळू नये, आणि चॅट कायमची बंद. आता निवांत खेळते. लेक आठ वर्षांची आहे. तिला लिचेसवर लहान मुलांसाठीचा मोड लावून दिलाय, त्यात कुणी तिला निरोप पाठवू शकत नाही. तिला बॉटशी खेळायला आवडत नाही. 'आई, तो हरल्यावर त्याला काही वाटतच नाही' म्हणते.

वजीरबळी

लेकीला +१००. सगळा धागा एका वाक्यात गुंडाळला.

घाटातलाप्रवासी

मी सोमवार-शुक्रवार पुणे-मुंबई रेल्वेने करणारा प्राणी. कर्जत ते लोणावळा बोगद्यामागून बोगदा, नेट जातं-येतं, आणि माणसाशी डाव चालू असेल तर घड्याळ काही आपल्यासाठी थांबत नाही. जिंकत आलेला डाव असा गेला की समोरच्या बाईंनी दिलेला शेंगदाण्याचा लाडूही कडू लागतो. म्हणून घाटात बॉट, घरी माणूस, अशी माझी वाटणी आहे. यात तत्त्वज्ञान काही नाही.

आणि हसू नका, असं मोठ्यांचंही झालंय. २०२० च्या ऑनलाइन ऑलिम्पियाडच्या अंतिम सामन्यात निहाल सरिन आणि आपल्या नागपूरची दिव्या देशमुख यांचं कनेक्शन ऐन डावात तुटलं आणि वेळेवर डाव गेले. भारताने दाद मागितली आणि शेवटी फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, भारत-रशिया दोघांना सुवर्ण दिलं. विदित कर्णधार होता. ती दिव्या पुढे २०२५ मध्ये बाटुमीला हंपीला हरवून महिला विश्वचषक घेऊन आली, त्याच विजयाने ग्रँडमास्टरही झाली. तेव्हा घाटात हरलेल्यांनी धीर सोडू नये.

अवांतर: एका चालीला तीन दिवस अशी मुदत असलेले डाव कुणी खेळतं का? प्रवासाला तेच बरे पडतील बहुतेक.

सातवीओळ

सगळे संगणकाच्या मागे लागलेत, तर मी त्याची बाजू घेतो. शेवटच्या टप्प्यासाठी, म्हणजे पटावर चारपाच सोंगट्या उरल्यावर, संगणकासारखा गुरू नाही. आणि तोही पूर्ण ताकदीचा, हातपाय न बांधलेला.

कारण सांगतो. हत्ती आणि प्यादं विरुद्ध हत्ती अशी स्थिती तुम्ही माणसाविरुद्ध जिंकत आणलीत की तो बऱ्याचदा कंटाळून राजीनामा देतो. गुण मिळाला, पण तो डाव जिंकता येतो का हे तुम्हाला कळलंच नाही. संगणक राजीनामा देत नाही. सर्वांत चिवट बचाव करतो. लुसेनाची स्थिती, फिलिडोरचा बचाव या हत्ती-प्याद्याच्या ठरलेल्या गोष्टी मी पुस्तकातून वाचल्या होत्या, हातात बसल्या त्या स्टॉकफिशने छळल्यावर.

उंट आणि घोडा घेऊन एकट्या राजाला मात करून बघा. बिनचूक खेळलं तर जास्तीत जास्त ३३ चालींत होते. पन्नास चालींचा नियम (तेवढ्या चालींत प्यादं हललं नाही की काही मारलं गेलं नाही तर बरोबरी) डोक्यावर असतो, म्हणजे सतराच चालींची सवलत. राजाला उंटाच्या रंगाच्या कोपऱ्यातच न्यावं लागतं आणि तो दुसऱ्या कोपऱ्याकडे पळतो. माणूस मित्र असेल तर तिसऱ्या वेळी 'चल, चहा घेऊ' म्हणेल. शिवाय दोन्ही राजे धरून सात सोंगट्यांपर्यंतच्या सगळ्या स्थितींची उत्तरं कोष्टकात तयार आहेत, लिचेसवर फुकट बघता येतात. तिथे वाद घालायला जागाच नाही.

अडीचघर, तुम्ही माणसांशी अकराशेवर अडकलात, तर त्यातले किती डाव जिंकत आलेले होते ते एकदा मोजा. पैज लावतो, बरेच असतील.

अडीचघर (धागाकर्ता)

बापरे, दोन दिवस नव्हतो तर एवढं झालं. सगळ्यांचे आभार.

सातवीओळ, मोजले. पैज जिंकलात. एक मोहरा जास्त असूनही गमावलेले डाव बरेच आहेत. बॉटविरुद्ध हे दिसत नाही, कारण मी एक सोंगटी वर गेलो की तो लवकरच दुसरी देतो.

काळीराणी, तुमचा मुद्दा खरंच माझ्या डोक्यात आला नव्हता. चॅट मीही बंद केली. बरंच शांत वाटतंय.

आता शंका. माणसासारखा चुकणारा बॉट कुणी बनवलाच नाही का?

कोडेकर

बनवलाय. त्याचं नाव माया. टोरोंटो आणि कॉर्नेल विद्यापीठं आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांचं काम, २०२० मधलं. तिला उत्तम चाल शोधायला शिकवलेलं नाही. लिचेसवरचे माणसांचे लाखो डाव दाखवून 'या रेटिंगचा माणूस इथे काय खेळेल?' एवढंच ओळखायला शिकवलंय. लिचेसवर तिची ११००, १५०० आणि १९०० च्या लोकांवर घडवलेली तीन रूपं खेळायला मिळतात. खेळून बघा आणि सांगा.

एक उणीव आधीच सांगून ठेवतो. घड्याळात दहा सेकंद उरल्यावर माणूस जसा सैरभैर होतो तशी ती होत नाही.

डावखुरा

हे सगळं ठीक, पण पलीकडे खरंच माणूस आहे याची खात्री काय? निम्मे लोक शेजारच्या खिडकीत इंजिन उघडून बसलेले असतात. २०२१ मध्ये आनंद कोविडच्या मदतीसाठी एकाच वेळी अनेकांशी ऑनलाइन खेळला, तेव्हा एका नामांकित उद्योजकाने त्याला हरवलं आणि दुसऱ्याच दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं स्वतः मान्य केलं. धर्मादाय सामन्यात ही कथा, तर इतरत्र काय विचारता! २०२२ मध्ये तर जगज्जेता कार्लसन निमनकडून हरल्यावर सिंकफील्ड चषक अर्धवट सोडून गेला. समोरासमोरच्या स्पर्धेतही संशय.

सातवीओळ

'निम्मे' हा आकडा कुठून आणलात? फसवणारे आहेत, पण तुमच्याआमच्या पातळीवर आपण हरतो ते बहुतेक वेळा आपल्याच कर्माने. साइटवाले चाली इंजिनाशी किती जुळतात आणि सोप्या-अवघड चालींना सारखाच वेळ लागतो का, असलं बरंच काही तपासतात. सोंगटी परत मारायलाही सात सेकंद आणि किचकट बलिदानालाही सात सेकंद, हे माणसाचं लक्षण नाही. पकडला गेला तर लिचेस तुमचे गेलेले गुण परतही करतं. आणि निमनने त्या डावात लबाडी केल्याचा पुरावा पुढे आलेला नाही, हेही लिहायला हवं.

डावखुरा

बरं, 'निम्मे' मागे घेतो. 'काही' करा. पण हरल्यावर संशय येतोच.

पटावरचाबळी

अवांतर, पण राहवत नाही. २००८ मध्ये नाकामुराने रिबका नावाच्या तेव्हाच्या दादा इंजिनला तीन मिनिटांच्या डावात २७१ चाली खेळवून हरवलं होतं. सगळी प्यादी अडकवून पट बंद केला आणि नुसता इकडून तिकडे फिरत बसला. पन्नास चालींचा नियम लागून बरोबरी होऊ नये म्हणून इंजिनाने स्वतःच पट फोडला आणि मेलं. शेवटी पठ्ठ्याने वजीर न करता प्याद्यांचे उंट केले, एकामागून एक. यंत्राचा अपमान करायची ही पद्धत मला फार आवडते. आता चालणार नाही म्हणा.

आणि अडीचघर, एका चालीतली मात हुकली म्हणून कधी रडू नका. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता क्रामनिकने डीप फ्रिट्झ या इंजिनविरुद्ध चांगला डाव चालला असताना वजीर असा ठेवला की पुढच्याच चालीला स्वतःवर मात. त्याने बघून, विचार करून ठेवला होता!

अडीचघर (धागाकर्ता)

मायाशी खेळलो, पंधराशेवालीशी. अहो, ही तर मीच आहे! लवकर किल्लेकोट करते, मग वजीर घेऊन उगाच भटकायला निघते. मी जिथे सापळा लावला तिथे पडली, आणि ज्या चालीला मी घाबरत होतो ती तिला दिसली नाही. बॉटशी खेळताना 'आता हा काय फेकतोय' याची वाट बघायचो, इथे 'आता हिला काय वाटत असेल' असा विचार करावा लागला. डाव हरलो, पण कशामुळे ते कळलं.

माणसांशी मात्र अजून छाती धडधडतेच.

सांगलीवाले

ती धडधड थांबायची वाट बघाल तर कधीच खेळणार नाही. स्पर्धेत पहिल्या पटावर बसणाऱ्यांचीही होते. एक काम करा. दहा मिनिटांचे डाव सोडा. घाटातलाप्रवासी म्हणाले तसा तीन दिवसांच्या मुदतीचा डाव माझ्याशी खेळा, रेटिंगशिवाय. माझं वय बहात्तर, घाई मला नाही आणि तुम्हालाही नसावी. हरलात तर सांगलीची भडंग पाठवीन.

वजीरबळी

काका, आणि तुम्ही हरलात तर?

सांगलीवाले

तरी भडंग पाठवीन. आव्हान पाठवलंय. पांढरी माझ्याकडे आली, इलाज नाही. पहिली चाल, राजाचं प्यादं दोन घरं: ई४.

अडीचघर (धागाकर्ता)

स्वीकारलं काका. सी६. माया किंवा इंजिनला विचारणार नाही, शप्पथ.

कोडेकर

कॅरो-कान सुरुवात? बरं. फक्त कास्पारोव्हने डीप ब्लूविरुद्धच्या त्या सहाव्या डावात केलं तसं सातव्या चालीला एच६ करू नका. घोडा ई६ वर पडला की काय होतं ते काकांना पक्कं ठाऊक असणार.

सांगलीवाले

कोडेकर, फुकटचे सल्ले बंद करा. डाव चालू आहे.